घोड्याचं मैदान वाळूवर नाही, पाण्यावर चालतं. हिवरे बाजारची मोजपट्टी लावून बघा

"शेतात चार डंपर वाळू टाकायची, कडेनं बांबू ठोकायचे, झालं घोडेस्वारीचं मैदान."

कृषी पर्यटन केंद्र काढायचं म्हटलं की हुरडा पार्टी आणि बैलगाडीच्या जोडीला आता घोडा येतोच. त्यात वावगं काही नाही. भीमा नदीच्या खोऱ्यातल्या आपल्या भीमथडी घोड्याला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद मिळाली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघानं सुवर्णपदक आणलं, त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. सारंगखेड्याच्या यात्रेतले घोड्यांचे व्हिडिओ तर दर हिवाळ्यात तुमच्या मोबाईलवर येतच असतील. घोड्याची हौस वाढणार, शिकवण्या निघणार.

पण घोडा घ्यायला जेवढा विचार होतो, त्याच्या पायाखाली काय घालायचं याचा तेवढा होत नाही. पैसे कुठं जातात हे कळेपर्यंत पहिला पावसाळा येऊन गेलेला असतो. आणि खरा खर्च कळतो तो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात.

म्हणून आज हा हिशोब नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातल्या हिवरे बाजारच्या पद्धतीनं करू. हिवरे बाजारात असं मैदान होणार आहे अशातला भाग नाही. पण दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडणारं ते गाव आहे, आणि घोड्याच्या मैदानाला नेमका तोच ताळेबंद लागतो.

आधी घोड्याचा पाय समजून घेऊ

घोडा चौखूर धावतो तेव्हा त्याचा एकेक पाय आलटून पालटून एकटा जमिनीवर येतो. त्या क्षणाला त्या एका पायावर घोड्याच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार पडतो. घोडा ४०० किलोचा धरा. म्हणजे एक टन, तोही खुराच्या तळव्याएवढ्या जागेवर. वर बसलेल्या स्वाराचं वजन वेगळं.

जमीन दगडासारखी कडक असेल तर हा दणका खुरातून थेट सांध्यात जातो. जमीन फार भुसभुशीत असेल तर उलटं होतं. पाय रुततो, तो उपसून काढताना पायाच्या मागची दोरीसारखी कंडरा ताणली जाते. वाळूच्या चौपाटीवर पळून बघितलं असेल तर तुमच्या पोटऱ्यांना हे माहिती आहे. आणि जमीन निसरडी असेल तर घोडा स्वारासकट आडवा.

निसरड्या जमिनीचं उदाहरण लांब शोधायला नको. माथेरानला मोटारींना बंदी, त्यामुळे वाहतूक घोड्यांवर आणि हातरिक्षांवर चालत आली. तिथल्या लाल मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसायला लागले तेव्हा घोडे घसरतात म्हणून अश्वपालकांनी विरोध केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉकना मुभा दिली, आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर मात्र नाही. पायाखाली काय आहे हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जाण्याइतका मोठा असू शकतो, एवढं यातून घ्या.

आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघानं २०१४ मध्ये या एकाच विषयावर मोठा अहवाल काढला. त्यात मैदान कशावर तपासायचं ते सांगितलंय: पहिला दणका किती कडक, मग किती दबतं, दबल्यावर घोड्याला उसळी परत देतं का, पकड किती, आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सगळीकडं सारखं आहे का. आपल्याकडं शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त मैदानं नापास होतील. कडेला घट्ट, मध्ये ढिगारा, गेटजवळ चिखल. घोड्याला पुढच्या पावलाचा अंदाज चुकला की दुखापत तिथंच होते.

आता तुम्ही म्हणाल, वारीत माउलींचा अश्व रिंगणात धावतो तो मोकळ्या रानातच की! सदाशिवनगरला कुठं कोण वाळू टाकतं? बरोबर आहे. पण तिथं अश्व वर्षातून एकदा येतो, काही फेऱ्या मारतो आणि पुढं जातो. शिकवणीच्या मैदानात तेच घोडे त्याच कडेच्या रेषेवरून रोज तासन्‌तास फिरतात. कुठल्याही मातीत महिन्याभरात तिथं चर पडतो. चरात पाणी साचतं, पाण्याचा चिखल होतो, चिखल वाळला की दगड.

वर काय टाकायचं?

नदीची वाळू हा सगळ्यांच्या तोंडी असलेला पर्याय. २०२३ मध्ये सरकारनं ६०० रुपये ब्रासनं वाळू द्यायचं धोरण आणलं, तेव्हा राज्यातला पहिला डेपो याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावला सुरू झाला होता. पुढं ते धोरण बदललं. वाळूचं राजकारण बाजूला ठेवलं तरी घोड्यासाठी नदीच्या वाळूत एक दोष आहेच. पाण्यात घासून घासून तिचे कण गोल होतात. गोट्यांवर पाय ठेवल्यासारखं ते कण एकमेकांवरून सरकतात, पकड बसत नाही.

क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, तिचे कण टोकदार असतात आणि एकमेकांत अडकतात. म्हणून घोड्याला ती बरी. पण बांधकामाची क्रश सँड जशीच्या तशी आणली तर तिच्यातली डस्ट तुमची पाठ सोडत नाही. कोरडी असताना ढग उठतात, घोडा आणि पोरं दोघंही तीच हवा ओढतात. ओली झाली की ती बसते आणि घट्ट कवच तयार होतं. म्हणून धुतलेलीच घ्या. ओळखायची सोपी रीत आहे. काचेच्या बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी, जोरात हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वाळूच्या वर गाळाचा थर किती बसलाय तो बघा. बोटभर गाळ दिसला तर तो डंपर परत पाठवा, व्यापारी काहीही म्हणो.

मुरूम हा आपल्या पठाराचा हक्काचा माल. दाबून बसवला तर खालचा थर म्हणून उत्तम. वरचा थर म्हणून मात्र फक्त चालण्यापुरता आणि हलक्या दुडकीपुरता, कारण उन्हाळ्यात तो कडक होतो आणि त्यातले खडे खुराच्या तळव्याला लागतात. गवत दिसायला सुंदर, पण ते रेसकोर्सचं काम. तिथंही मोसम वाटून घेतलाय. मुंबईच्या महालक्ष्मीला साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याला जुलै ते ऑक्टोबर. आठ गुंठ्यांतल्या गवतावर रोज चार घोडे फिरवले तर दोन आठवड्यांत त्याची मंडई होते.

मग येतात परदेशी मिश्रणं. धुतलेल्या बारीक वाळूत पॉलिस्टरचे धागे, कापडाचे तुकडे, कधी मेणाचा लेप. धागे वाळूला धरून ठेवतात आणि ओल टिकवतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला ग्रीनिच पार्कच्या जमिनीला धक्का नको म्हणून अख्खं मैदान खांबांवरच्या तळावर उभारलं, त्यावर असंच वाळू आणि धाग्यांचं मिश्रण होतं. ऐकायला लय भारी वाटतं, पण कल्पना आपल्याला नवी नाही. तालमीतला हौदा आठवा. नुसत्या लाल मातीत कोणी कुस्ती खेळत नाही. तिच्यात तेल, ताक, लिंबू, हळद घालून ती मऊ आणि धरून राहणारी करतात. वस्ताद रोज माती उकरायला लावतात तेही त्यासाठीच. मेण आणि धागे हे त्याच विचाराचं महागडं रूप. उडी मारणारे स्पर्धेचे घोडे असतील तर त्याचा विचार करा. नवशिक्या पोरांना चाल आणि दुडकी शिकवायला ते लागत नाही, कितीही चांगला ब्रोशर आला तरी.

टायरचे तुकडे स्वस्त मिळतात म्हणून कोणी सुचवलं तर आधी त्यातली तार निघाली आहे का ते विचारा. एक तुकडा तार खुरात गेली तर मैदानाचे वाचलेले पैसे डॉक्टरकडं जातात. शिवाय आपल्या उन्हात काळं रबर तापतं. लाकडाचा भुसा आणि काथ्या सुरुवातीला छान वाटतात, पण दोन पावसाळ्यांत कुजतात आणि निसरडे होतात.

पैसा जातो तो खाली

आता पैशाचं बघू. छोटं प्रमाण मैदान २० बाय ४० मीटरचं असतं. म्हणजे ८०० चौरस मीटर, जवळजवळ आठ गुंठे. ड्रेसाजचं पूर्ण मैदान २० बाय ६०, म्हणजे बारा गुंठे.

आठ गुंठ्यांवर १० सेंटिमीटर वाळू म्हणजे ८० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यानं भागलं की साधारण २८ ब्रास. तिच्याखाली १५ सेंटिमीटर खडीचा थर हवा, तो ४२ ब्रास. रोलरनं दाबल्यावर खडी बसते, म्हणून ५० ब्रास धरा.

भाव प्रत्येक तालुक्यात वेगळा, खाणीपासूनच्या अंतरावर ठरणारा. म्हणून इथं फक्त गणित कळावं म्हणून आकडे धरू, तुम्ही तुमच्या भागातले टाका. वाळू ४,००० रुपये ब्रास धरली तर १ लाख १२ हजार. खडी ३,००० नं ५० ब्रास, दीड लाख. खडी आणि वाळूच्या मध्ये घालायचं जिओटेक्स्टाइल कापड ७५ रुपये चौरस मीटरनं ६० हजार. जेसीबी, रोलर, सच्छिद्र पाइप, कडेचा बंधारा मिळून सव्वा लाख. बेरीज साडेचार लाखाच्या जवळ जाते. त्यात वाळूचा वाटा किती? जेमतेम पाव.

गंमत अशी, की काटकसर करताना लोक उरलेला पाऊण भागच कापतात. वाळू दिसते, खडी दिसत नाही. मग काळ्या मातीवर थेट वाळू पडते. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की हाताएवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाळ्यात वाळू खाली जाते, माती वर येते. ते दोन्ही पुन्हा वेगळं करायची सोय नाही, सगळं उचलून फेकायचं आणि परत सुरुवात. काळ्या रानात मैदान करायचं असेल तर माती मुरमापर्यंत काढा. नाहीतर मैदानासाठी मुरमाड माळ निवडा, तो शेतीला तसाही कमी उपयोगाचा असतो. चांगल्या जमिनीवर वाळू ओतायचा विचार मला तरी पटत नाही.

उताराचंही तसंच. शंभर मीटरला एक ते दीड मीटर उतार पुरे. त्यापेक्षा जास्त दिला तर पाण्याबरोबर वाळू पण गावाला जाते. वाळू एकदम १० सेंटिमीटर टाकू नका. पाच टाका, घोडे फिरवा, मग बोटभर बोटभर वाढवा. जास्त झालेली वाळू काढणं हे टाकण्यापेक्षा अवघड आणि घोड्याच्या कंडरेला जास्त धोक्याचं.

आता हिवरे बाजारची मोजपट्टी

इथपर्यंतचा खर्च एकदाचा. खरा खर्च रोजचा आहे, आणि तो रुपयांत नाही, लिटरमध्ये येतो.

वाळू पकड देते ती ओली असताना. समुद्रकिनारी कोरड्या वाळूत पाय रुततो आणि लाटेच्या कडेला ओल्या वाळूवर सायकलसुद्धा चालते, तेच तत्त्व. कोरडी झाली की वाळू पायाखालून निसटते आणि धूळ उडते. म्हणून मैदानाला पाणी मारावं लागतं. नगरच्या एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला पाच मिलीमीटरचा हिशोब धरणं काही जास्त नाही.

८०० चौरस मीटरवर पाच मिलीमीटर म्हणजे ४,००० लिटर. रोज.

जलजीवन मिशनचं खेड्यातलं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे एका छोट्या मैदानाची तहान ७२ माणसांच्या पाण्याएवढी. फेब्रुवारी ते मे, १२० दिवस धरले तर ४ लाख ८० हजार लिटर.

आता पाऊस. हिवरे बाजार पर्जन्यछायेत आहे, सरासरी ४०० मिलीमीटरच्या आसपास. त्याच मैदानावर वर्षभर पडणारं सगळं पाणी ३ लाख २० हजार लिटर भरतं. म्हणजे थेंब न थेंब अडवला, एक लिटरही मुरू दिलं नाही की उडू दिलं नाही, तरी उन्हाळ्याचे चार महिने निघत नाहीत.

दुसऱ्या बाजूनं बघा. १२० दिवस रोज पाच मिलीमीटर म्हणजे ६०० मिलीमीटर पाणी. ज्वारीच्या एका पिकाला साधारण तेवढंच लागतं. इथं मात्र तेवढं पाणी देऊन उगवणार काही नाही.

हिवरे बाजारला हा हिशोब नवा वाटणार नाही. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, तेव्हाचं गाव म्हणजे कोरड्या विहिरी आणि रोजगारासाठी बाहेर गेलेली माणसं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान, डोंगरावर समपातळी चर, नाल्यांवर बांध हे सगळं झालं. १९९४ पासून आदर्श गाव योजनेची जोड मिळाली. पण चर आणि बंधारे राज्यात पुष्कळ गावांनी केले. हिवरे बाजार वेगळं ठरलं ते पाणी आल्यानंतर घातलेल्या नियमांमुळं. शेतीसाठी बोअरवेल नाही. ऊस नाही, केळी नाही. पावसाळा संपला की गावात पाऊस किती पडला आणि विहिरींत पाणी किती हे मोजायचं. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, आणि उरलेल्यावर कुठलं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या ताळेबंदात घोड्याला जागा आहे. घोडा जनावर आहे, त्याचं पिण्याचं पाणी दिवसाला तीस-चाळीस लिटर, तेही पहिल्या यादीत. पण घोड्याच्या मैदानाचे ४,००० लिटर कुठल्या यादीत बसवणार? एक घोडा महिनाभर पितो त्याच्या तिप्पट-चौपट पाणी त्याचं मैदान एका दिवसात पितं. ज्या गावात उसाला नाही म्हटलं जातं, तिथं भर एप्रिलमध्ये वाळूवर पाइप सोडलेला कुणाला दिसला तर काय होईल, ते तुम्हीच ठरवा.

पाणी वाचवायला काही लोक वाळूत मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराईड टाकतात. हे क्षार हवेतली ओल धरतात, धूळ बसते. परदेशात चालतं. आपल्याकडं खाली पाझर, शेजारी विहीर आणि पावसाळ्यात सगळं धुऊन जाणार. जिथं विहिरीवर गाव जगतं तिथं हा प्रयोग नको, हे माझं स्पष्ट मत.

मग घोडा ठेवायचाच नाही का?

ठेवायचा. मैदान छोटं करायचं.

शिकवणीसाठी १८ मीटर व्यासाचं गोल रिंगण पुरतं. त्याचं क्षेत्रफळ २५४ चौरस मीटर, अडीच गुंठे. साडेसात सेंटिमीटर वाळू टाकली तर सातच ब्रास. पाणी चार मिलीमीटर दिलं तर रोजचे हजार लिटर. एकाच झटक्यात पाण्याचा खर्च पाव झाला. बाहेरची फेरी बांधाच्या कडेनं नैसर्गिक जमिनीवर मारायची, भीमथडी घोडा तसल्याच जमिनीवर वाढलाय. मोठं मैदान लागणारच असेल तर ते ऑक्टोबर ते जानेवारी वापरा आणि उन्हाळ्यात रिंगणावर या.

पाणी संध्याकाळी मारा, म्हणजे ते रात्रभर खाली मुरतं आणि सकाळी सहा ते आठ घोडे फिरवून मोकळं होता येतं. दुपारी मारलेलं अर्धं पाणी हवेत जातं. पश्चिमेला झाडांची रांग असेल तर वारा अडतो, फक्त पानगळ वाळूत पडू देऊ नका. आणि मैदानाखालच्या सच्छिद्र पाइपांचं तोंड ओढ्यात न सोडता शेततळ्यात सोडा. ३ लाख २० हजारातले तिसरा हिस्सा, म्हणजे लाखभर लिटर जरी हाती लागले आणि अस्तराच्या तळ्यात टिकले, तरी छोट्या रिंगणाचे शंभर दिवस निघतात. उन्हाळ्यापर्यंत तळ्यातलं पाणीही उडतं, त्यामुळं हातात थोडे कमीच पडतील, पण टँकर तरी बोलवावा लागणार नाही.

देखभालीला वेगळं यंत्र लागत नाही. शेतात फळी मारतो तशीच मैदानावर मारायची, रोज, कडेची वाळू आत ओढत. वखर घातलाच तर पास वरच्या थरातच ठेवा. पास खडीला लागला की कापड फाटलं, आणि कापड फाटलं की तो साडेचार लाखांतला पाऊण भाग गेला. लीद रोज उचला. तिचीच पुढं धूळ होते आणि तीच पाण्याची वाट बंद करते.

आता ज्यांना मैदान बांधायचं नाही, फक्त पोराला रविवारच्या शिकवणीला घालायचंय, त्यांच्यासाठी. फी विचारायच्या आधी मैदानात चालत जा. टाच दाबून बघा, वाळू बोट-दोन बोटं दबून थांबली पाहिजे. पार घोट्यापर्यंत गेली तर ती खोल आहे, टक्‌ आवाज आला तर खाली काही उरलेलं नाही. कडेची फेरी आणि मधला भाग सारखाच लागतो का ते बघा. घोडा दुडकीवर आला की मागं धुळीचा पट्टा किती उंच जातो ते बघा, स्वाराच्या गुडघ्याच्या वर जात असेल तर पोराच्या नाकातही जाणार. जमलं तर मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चक्कर टाका. तेव्हा मैदानात डबकी दिसली, तर खाली किती खर्च केलाय ते मालकाला विचारायची गरज उरत नाही.